सरासरीपलीकडचा मोसम

बीरगांव ही रायपूरला लागून असलेली औद्योगिक नगरी होय. कारखान्यांची ही वस्ती मागे टाकून पुढे गेले, की भाताची शेते लागतात. या मुलखातील शेतकऱ्याला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. वर्षाअखेरीस पावसाची सरासरी भरून निघाली, म्हणजे पीक चांगले आले असे नव्हे. रोवणीच्या वेळी पावसाने दडी मारली आणि नंतर तो धो धो कोसळला, तर कागदावरची सरासरी पूर्ण होते. पण कोठार रिकामेच राहते. पाऊस किती पडला याइतकेच तो केव्हा पडला, हेही महत्त्वाचे असते.

माणसाच्या कर्तृत्वाचे मोजमाप करतानाही हे ध्यानात ठेवावे लागते. क्रिकेटपटू दिलीप सरदेसाई यांची कारकीर्द हे त्याचे उत्तम उदाहरण आहे.

सरदेसाई यांचा जन्म ८ ऑगस्ट १९४० रोजी गोव्यातील मडगाव येथे झाला. त्या काळी गोव्यावर पोर्तुगिजांची सत्ता होती. १९५७ साली ते मुंबईला आले. महाविद्यालयात शिकत असताना विद्यापीठांच्या स्पर्धेत त्यांनी धावांची रास रचली आणि जाणकारांचे लक्ष वेधून घेतले. डिसेंबर १९६१ मध्ये कानपूर येथे इंग्लंडविरुद्ध त्यांनी कसोटी क्रिकेटमध्ये पदार्पण केले.

पुढील काही वर्षे यशाची होती. १९६४ साली कानपूरलाच इंग्लंडविरुद्ध त्यांनी ७९ आणि ८७ धावा केल्या. १९६५ मध्ये मुंबईच्या कसोटीत न्यूझीलंडने भारताचा पहिला डाव अवघ्या ८८ धावांत गुंडाळला. दुसऱ्या डावात सरदेसाई यांनी नाबाद २०० धावा काढल्या आणि हरत आलेला सामना वाचवला. त्यानंतरच्या दिल्ली कसोटीत त्यांनी शतकही झळकावले.

परंतु हा ओघ टिकला नाही. दुखापती आल्या. १९६७ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांच्या बोटाला इजा झाली. पाठोपाठच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्यांना धावांचा सूर सापडला नाही. कारकिर्दीत अनेकदा त्यांना सलामीला जावे लागले आणि नव्या चेंडूच्या माऱ्याला तोंड द्यावे लागले. संघातील त्यांचे स्थान डळमळीत झाले. १९७० साल उजाडले तेव्हा ते तिशीच्या उंबरठ्यावर होते आणि त्यांची कारकीर्द संपली, असेच अनेकांना वाटत होते.

१९७१ च्या आरंभी भारतीय संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर निघाला. अजित वाडेकर प्रथमच कर्णधार झाले होते. संघ निवडताना सरदेसाई यांचे नाव पहिल्या पसंतीचे नव्हते. या अनुभवी फलंदाजासाठी वाडेकर यांनी आग्रह धरला आणि सरदेसाई यांना विमानात जागा मिळाली. भारताने तोवर वेस्ट इंडीजला एकाही कसोटीत हरवले नव्हते.

पहिली कसोटी जमैकामधील किंग्स्टन येथे झाली. पहिला दिवस पावसाने वाया गेला. खेळ सुरू झाल्यावर भारताचे पाच गडी अवघ्या ७५ धावांत बाद झाले. अशा वेळी सरदेसाई यांच्या साथीला एकनाथ सोलकर आले. सोलकर हे मुंबईतील हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्याचे चिरंजीव. या दोघांनी सहाव्या गड्यासाठी १३७ धावांची भागीदारी केली. पुढे सरदेसाई यांनी प्रसन्ना यांना साथीला घेऊन नवव्या गड्यासाठी १२२ धावा जोडल्या. सरदेसाई २१२ धावांवर बाद झाले, तेव्हा डाव पूर्णपणे सावरला होता. भारताच्या ३८७ धावांना वेस्ट इंडीजने २१७ धावांनी उत्तर दिले.

येथे एक नियम कामी आला. पाच दिवसांच्या सामन्यात समोरच्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजी करायला लावण्यासाठी, म्हणजे ‘फॉलोऑन’ देण्यासाठी, २०० धावांची आघाडी लागते. पहिला दिवस वाया गेल्यास ती १५० पुरते. भारताची आघाडी १७० धावांची होती. वाडेकर यांनी फॉलोऑन दिला. सामना अनिर्णित राहिला. मात्र वेस्ट इंडीजला भारताने प्रथमच फॉलोऑन दिला होता. आपण या बलाढ्य संघाला नमवू शकतो, हा विश्वास तेथे रुजला.

त्या विश्वासाचे फळ दुसऱ्याच कसोटीत मिळाले. पोर्ट ऑफ स्पेन येथे सरदेसाई यांनी ११२ धावा केल्या. पदार्पण करणाऱ्या सुनील गावसकर यांनी दोन्ही डावांत अर्धशतके काढली, फिरकी गोलंदाजांनी आपले काम चोख बजावले आणि भारताने सात गडी राखून विजय मिळवला. वेस्ट इंडीजविरुद्ध भारताचा हा पहिला कसोटी विजय होता. पुढे ब्रिजटाउनच्या चौथ्या कसोटीत वेस्ट इंडीजच्या ५०१ धावांपुढे भारताची अवस्था ६ बाद ७० अशी झाली. पुन्हा सरदेसाई आणि सोलकर ही जोडी उभी राहिली. त्यांनी १८६ धावांची भागी रचली. सरदेसाई यांच्या १५० धावांमुळे तो सामना हातचा गेला नाही आणि भारताने ती मालिका १-० अशी जिंकली.

पाच कसोटींत सरदेसाई यांनी ६४२ धावा केल्या. गावसकर यांनी त्याच मालिकेत ७७४ धावा काढून विक्रम केला, त्यामुळे लोकांच्या स्मरणात तोच आकडा अधिक राहिला. तथापि निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांनी भारतीय क्रिकेटच्या पुनरुत्थानाचे श्रेय सरदेसाई यांना देऊन त्यांचा गौरव केला. त्याच वर्षी २४ ऑगस्टला ओव्हल येथे भारताने इंग्लंडलाही त्यांच्या भूमीवर प्रथमच हरवले. त्या सामन्यात सरदेसाई यांनी ५४ आणि ४० धावा केल्या होत्या.

एवढे यश मिळूनही पुढचा काळ स्थिर गेला नाही. डिसेंबर १९७२ मध्ये दिल्ली येथे ते अखेरची कसोटी खेळले. २ जुलै २००७ रोजी त्यांचे निधन झाले.

आता आकड्यांकडे पाहू. ३० कसोटी, २००१ धावा, सरासरी ३९.२३. एकूण धावांना बाद झालेल्या डावांच्या संख्येने भागले, म्हणजे सरासरी मिळते. वेस्ट इंडीजमधील त्या मालिकेत सरदेसाई यांची सरासरी ८०.२५ होती. ती मालिका वगळली, तर उरलेल्या २५ कसोटींत १३५९ धावा राहतात आणि सरासरी सुमारे ३१.६ वर येते. एकूण धावांपैकी जवळजवळ एक तृतीयांश धावा एकाच दौऱ्यातल्या आहेत.

मग तो दौरा केवळ नशिबाचा भाग होता काय? तसे म्हणता येणार नाही. हॉल आणि ग्रिफिथ हे वेस्ट इंडीजचे भेदक गोलंदाज तोपर्यंत निवृत्त झाले होते, हे खरे. सरदेसाई यांना मधल्या फळीतील जागा मिळाली, हेही खरे. परंतु संधी मिळणे आणि संधीचे सोने करणे यांत अंतर असते. पाच गडी बाद झाल्यावर उभे राहण्याची जी विद्या किंग्स्टनला दिसली, तिची ओळख सहा वर्षांपूर्वी मुंबईत झालीच होती. मधल्या पडत्या काळात ती नाहीशी झाली नव्हती. गरज होती ती तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्या कर्णधाराची.

३९.२३ हा आकडा खोटा नाही, पण तो अपुरा आहे. त्या धावा केव्हा निघाल्या, हे त्यातून कळत नाही. रोवणीच्या वेळी आलेल्या पावसाचे मोल शेतकऱ्याला ठाऊक असते. १९७१ च्या त्या ६४२ धावांचे मोलही तसेच होते.