पारा आणि शरीरांतील पहारेकरी

जळगांवच्या सराफास विचारलें, तर पाऱ्याचा थेंब लागतांच सोन्याची अंगठी पांढरी पडते, असें तो सांगेल. सोन्यास असा चिकटणारा पारा गंधकासही तितक्याच आवडीनें धरतो. दोहोंस खलांत घोटलें म्हणजे काळी कज्जली होते. तीच तापवून रससिंदूर करितात. खाणींतील तांबडा हिंगूळही याच दोहोंचा संयोग होय. आमच्या खानदेशांतील वडीलधाऱ्यांस हीं नांवें परिचित आहेत. अशीं द्रव्यें पोटांत गेल्यावर काय होतें, हें आपण पाहूं.

हिंगूळ पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं. त्यामुळें त्यांतील बहुतेक पारा मलावाटे निघून जातो. अत्यल्प अंश रक्तांत शिरतो व मुख्यतः मूत्रपिंडांत सांचतो. तेथें त्याची गांठ मेटॅलोथायोनिन नांवाच्या प्रथिनाशीं पडते. मार्गोशेस व व्हॅली या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९५७ सालीं घोड्याच्या मूत्रपिंडांतून तें प्रथम वेगळें केलें. या लहानशा प्रथिनांत सिस्टीन नामक गंधकयुक्त घटक २० असतात. एरव्हीं ते जस्तास धरून ठेवितात. पारा आला कीं जस्तास बाजूस सारून तो त्या गंधकास चिकटतो. सुटलेलें जस्त पेशीस इशारा देतें, आणि पेशी हें प्रथिन अधिक निर्माण करूं लागते. ज्या उंदरांत हें प्रथिन नसतें, त्यांचीं मूत्रपिंडें पाऱ्यानें अधिक बिघडतात, असें प्रयोगांत आढळलें आहे.

मग भीति कसली, असें कोणी म्हणेल. परंतु पहारेकऱ्यानें चोर धरिला, म्हणजे तो घराबाहेर गेला असें नव्हे. धरलेला पारा मूत्रपिंडांतच पुष्कळ दिवस राहतो. रोज नवी भर पडली तर पहारेकरी अपुरे पडतात. शिवाय पुडींत केवळ हिंगूळच आहे कीं विरघळणारा पाराही आहे, हें डोळ्यांस दिसत नाहीं. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या तपासणींत अमेरिकेंतील बोस्टन भागांतील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकीं १४ औषधांत शिसें, पारा किंवा सोमल आढळला; त्यांपैकीं ६ औषधांत पारा होता. आपल्या देशाच्या औषध-नियमांतही पारद व हिंगूळ हे विषारी द्रव्यांच्या यादींत असून, तीं औषधें वैद्यकीय देखरेखीखालींच घ्यावयाचीं असतात.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, अनोळखी पुडी मुलांस देऊं नये. घरांत कोणी रसौषधि घेत असल्यास तें डॉक्टरांस अवश्य सांगावें. शरीराचा पहारेकरी इमानी आहे. त्याच्यावर नित्य नवा भार घालणें मात्र शहाणपणाचें नव्हे.