कर्ज फिटले, पण घर सावरले का?

किराणा दुकान नीट चालले की नाही, हे गल्ला मोजला की कळते. पण काही संस्था धंदाही करतात आणि गरिबाचे भले करू असेही म्हणतात. त्यांचे काम कसे मोजायचे?

बांगलादेशात १९८३ साली ग्रामीण बँक सुरू झाली. तारण नसलेल्या बायांना ती लहान कर्जे देऊ लागली. तिचे पाहून आपल्याकडेही अशा संस्था निघाल्या. "आमचे जवळजवळ सगळे पैसे परत येतात," असे त्या अभिमानाने सांगत. ऐकणाऱ्याला वाटे, हप्ता आला म्हणजे घरात बरकत आली. पण एखादी बाई दुसरीकडून उसने आणून हप्ता भरते. एखादी कानातले मोडते. वहीत मात्र सगळे हप्ते सारखेच दिसतात! आंध्र प्रदेशात हेच झाले. एकेका घरावर तीन-तीन, चार-चार कर्जे चढली, वसुलीचा तगादा वाढला. २०१० साली सरकारला वटहुकूम काढावा लागला.

मग कर्ज घेणारी आणि न घेणारी, दोघींची घरे ताडून पाहावीत का? तेही बरोबर नाही. कर्ज काढणारी बाई मुळातच धडपडी असायची. तिचे घर कर्जाने सुधारले की तिच्या हिमतीने, हे कसे सांगणार?

शेतकरी काय करतो? एकाच शेतात एका पट्ट्याला नवे खत घालतो, एक पट्टा तसाच ठेवतो. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सोबत्यांनी हैदराबादेत तसेच केले. तिथल्या १०४ गरीब वस्त्या घेतल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा त्यांतल्या ५२ निवडल्या. तिथे २००६-०७ साली 'स्पंदना' संस्थेने कर्ज देणे सुरू केले. पहिले कर्ज १०,००० रुपये, फेड ५० आठवड्यांत. बाकीच्या वस्त्या तशाच राहिल्या.

सुमारे सव्वा ते दीड वर्षाने घरोघर जाऊन विचारले. कर्जाच्या वस्त्यांत नवे धंदे थोडे जास्त निघाले होते. टिकाऊ वस्तूंवर खर्च वाढला होता. पण घराचा एकूण खर्च काही फारसा वाढला नव्हता. मुलांचे शिक्षण, आजारपण, घरात बाईच्या शब्दाला मान, यांत फरक दिसला नाही. सगळ्याच घरांनी कर्ज घेतले नव्हते, हेही ध्यानात घ्यावे. पान, तंबाखू, बाहेरचा चहा यांवरचा खर्च मात्र उतरला होता. दर आठवड्याला हप्ता भरायचा, तर कुठेतरी हात आखडावा लागतोच.