पेसमेकर कुठे बसवायचा? फवारणी पंपाचा पट्टा आधी डॉक्टरांना दाखवा

पेसमेकर साधारणपणे डाव्या हासळीच्या हाडाखाली, कातडीखालच्या छोट्या कप्प्यात बसवतात. डावखुऱ्यांसाठी बहुधा उजवी बाजू निवडतात. पण अमरावती-अकोल्याच्या कपाशीच्या शेतात पाठीवरचा फवारणी पंप दोन्ही खांद्यांवर असतो. १६ लिटरचा पंप भरला की वजन १६ किलोच्या वर, आणि पट्टा जातो नेमका त्याच जागेजवळून. सततच्या दाबाने, घासण्याने जागा दुखते, कातडी पातळ होते. क्वचित यंत्र उघडे पडून जंतुसंसर्गही होतो. अंगाने बारीक असलेल्यांना हा धोका जास्त.

अशा वेळी कप्पा थोडा सरकवता येतो किंवा छातीच्या स्नायूखाली करता येतो. मात्र पुढे बॅटरी संपल्यावर यंत्र बदलणे जरा अवघड जाते. १९५८ मध्ये स्टॉकहोमला बसवलेला पहिला पेसमेकर तर पोटाच्या कातडीखाली होता. मांडीच्या शिरेतून थेट हृदयात बसणारा बिनतारेचा पेसमेकरही आता मिळतो. तो महाग आहे, आणि सर्वांना चालत नाही.

महिलांनी अंतर्वस्त्राचा पट्टा कुठे येतो, हेही न लाजता सांगावे. शस्त्रक्रियेआधीच पेनाने खूण करून घेतलेली बरी. नंतर काही आठवडे तो हात खांद्याच्या वर उचलायचा नसतो. पंप पुन्हा कधी घ्यायचा, हे डॉक्टरांनाच विचारावे.