ध्वनिक्षेपक जोडणी

ध्वनिक्षेपक जोडणी : सभा, नाटक, संगीताची मैफल इ. कार्यक्रमांत विवर्धकाने वाढविलेली विद्युत् शक्ती ध्वनिक्षेपकापर्यंत (लाउडस्पीकरपर्यंत) नेणाऱ्या तारा व संयोजक यांच्या मांडणीस ध्वनिक्षेपक जोडणी म्हणतात. ध्वनिग्राहकाकडून येणारा विद्युत् संकेत काही मिलिव्होल्टांचाच असतो. त्यामुळे त्याच्या तारेत बाहेरील विक्षोभ टाळणे महत्त्वाचे असते व ती जाळीदार धातुवेष्टनाची असते. ध्वनिक्षेपकाच्या तारेतून मात्र कित्येक अँपिअर प्रवाह वाहतो. या दोन तारांची अदलाबदल हे अनेक बिघाडांचे मूळ होय.

संरोध : ध्वनिक्षेपकाचा नाममात्र संरोध बहुधा ४, ८ किंवा १६ ओहम असतो, प्रत्यक्षात तो कंप्रतेनुसार बदलतो. ८ ओहमचे दोन ध्वनिक्षेपक अनेकसरीत जोडल्यास एकूण संरोध ४ ओहम, चार जोडल्यास २ ओहम होतो. दोन एकसरीत जोडल्यास तो १६ ओहम होतो. विवर्धकाचा प्रदान दाब ५६.६ व्होल्ट असेल, तर ८ ओहम भाराला ७.१ अँपिअर प्रवाह व ४०० वॉट शक्ती मिळते. भार ४ ओहम झाल्यास प्रवाह १४.१ अँपिअर व शक्ती ८०० वॉट होते. विवर्धकावर दर्शविलेल्या किमान संरोधापेक्षा भार कमी झाला, तर ट्रँझिस्टर अतिशय तापतात आणि संरक्षक मंडल कार्यक्रम चालू असताना आवाज बंद पाडते. असे मंडल नसल्यास विवर्धक निकामी होतो. एकसरी जोडणीत एक ध्वनिक्षेपक बिघडला की सर्व बंद पडतात, म्हणून अनेकसरी जोडणीच अधिक प्रचलित आहे. इलेक्ट्रॉन नलिकांच्या विवर्धकात याउलट काळजी घ्यावी लागते. तो भाराविना चालविल्यास त्याच्या प्रदान रोहित्रात अतिउच्च दाब निर्माण होऊन निरोधन फुटण्याचा संभव असतो.

तारा : प्रवाह जाण्यायेण्याच्या दोन्ही संवाहकांचा रोध हिशेबात घ्यावा लागतो. २.५ चौ. मिमी. छेदाच्या ३० मी. लांब तांब्याच्या दुपदरी तारेचा एकूण रोध सु. ०.४ ओहम असतो. ८ ओहम भार असताना एकूण शक्तीपैकी सु. ५ टक्के, तर ४ ओहम भार असताना सु. ९ टक्के शक्ती तारेतच उष्णतेच्या रूपाने वाया जाते. तारेचा छेद १.५ चौ. मिमी. असल्यास ४ ओहम भारासाठी हा व्यय सु. १५ टक्क्यांवर जातो. शिवाय तारेच्या रोधामुळे शंकूच्या कंपनांवरील विवर्धकाचे नियंत्रण कमी होऊन नीच स्वर सैल व अस्पष्ट वाटतात. म्हणून विवर्धक ध्वनिक्षेपकांजवळ ठेवून त्यांमधील तार आखूड ठेवणे व लांबचे अंतर दुर्बल संकेताच्या तारेने ओलांडणे श्रेयस्कर असते.

संयोजक : ६.३५ मिमी. व्यासाची जॅक पिन मूळची दूरध्वनी विनिमय केंद्रातील होय. ती खोबणीत घालताना क्षणभर दोन्ही संपर्क एकमेकांस जोडले जाऊन शॉर्ट सर्किट होऊ शकते आणि तिचे टोक उघडे राहते. एक्सएलआर संयोजक पूर्वी ध्वनिक्षेपकांसाठीही वापरीत. परंतु ध्वनिग्राहकासाठीही तोच असल्याने घोटाळा होई. हे दोष टाळण्यासाठी न्यूट्रिक या कंपनीने १९८७ मध्ये स्पीकॉन हा संयोजक प्रचारात आणला. त्याचे संपर्क झाकलेले असतात व तो फिरवून कुलूपबंद होतो. चार संपर्कांच्या प्रकारात +१ व -१ या जोडीतून नीच आणि +२ व -२ या जोडीतून उच्च कंप्रता स्वतंत्र विवर्धकांकडून पुरविता येतात. सर्वसाधारण ध्वनिक्षेपकास मात्र पहिलीच जोडी वापरतात.

ध्रुवता : धन व ऋण टोके सर्वत्र सारखी जोडली पाहिजेत. शेजारच्या दोन ध्वनिक्षेपकांपैकी एक उलट जोडल्यास एकाचा शंकू पुढे जात असता दुसऱ्याचा मागे जातो आणि नीच स्वर परस्परांना बरेचसे नाहीसे करतात. दोन्ही चालू असूनही आवाज पोकळ वाटणे हे याचे लक्षण होय. विवर्धकापासून तार सोडवून १.५ व्होल्टचा घट क्षणभर टेकविल्यास शंकू कोणत्या दिशेने सरकतो, यावरून नीच स्वरांच्या ध्वनिक्षेपकाची ध्रुवता तपासता येते.

शंभर व्होल्ट पद्धत : रेल्वे स्थानक, सभामंडप, मिरवणुकीचा मार्ग अशा ठिकाणी दूरवर अनेक कर्णे लावावयाचे असतात. तेथे विवर्धकाचा पूर्ण शक्तीचा दाब १०० व्होल्ट ठेवून प्रत्येक कर्ण्याजवळ लहान रोहित्र बसवितात. अशा १०० वॉटच्या विवर्धकावर १० वॉटचे दहा कर्णे अनेकसरीत जोडता येतात व मुख्य तारेत केवळ १ अँपिअर प्रवाह वाहतो. त्यामुळे बारीक तारेतही व्यय थोडा होतो. येथे संरोधाचा हिशेब न करता सर्व कर्ण्यांच्या वॉटांची बेरीज विवर्धकाच्या शक्तीपेक्षा अधिक होऊ न देणे पुरेसे असते. रोहित्राविना ८ ओहमचा ध्वनिक्षेपक या तारेस कधीही जोडू नये.

सुरक्षितता : ८ ओहम भारास २,५०० वॉट देणाऱ्या विवर्धकाचा प्रदान दाब सु. १४१ व्होल्ट असतो. अशा तारेच्या उघड्या टोकांचा स्पर्श प्राणघातक ठरू शकतो. घरगुती विजेचे प्लग ध्वनिक्षेपकाच्या तारांना लावणे विशेष धोक्याचे असते, कारण घाईत ते २३० व्होल्टच्या खोबणीत घातले जाऊ शकतात. सर्व जोडण्या विवर्धक बंद ठेवून कराव्यात आणि तो चालू करण्यापूर्वी प्रत्येक तारेचा रोध ओहममापकाने तपासावा. अंतर्गत विवर्धक असलेल्या ध्वनिक्षेपकांत शक्तीची तार पेटीतच असते. तथापि प्रत्येक पेटीपर्यंत वीजपुरवठा न्यावा लागत असल्याने भूसंपर्कित तारेची निगा तेथे अधिक काटेकोरपणे राखावी लागते.