दूरदर्शकातून हौशी आकाशनिरीक्षण

दूरदर्शकातून हौशी आकाशनिरीक्षण : घराच्या अंगणातून किंवा गच्चीवरून लहान दूरदर्शकाने चंद्र, ग्रह, जोडतारे, तारकागुच्छ, अभ्रिका इ. खस्थ पदार्थ पाहण्याचा छंद. यासाठी सामान्यतः ६ ते १५ सेंमी. व्यासाचे प्रणमनी वा परावर्ती दूरदर्शक वापरतात.

नवशिक्याची पहिली चूक बहुधा विवर्धनाच्या हव्यासाची असते. वस्तुभिंगाच्या वा आरशाच्या केंद्रांतरास नेत्रिकेच्या केंद्रांतराने भागले असता विवर्धन मिळते. ९० सेंमी. केंद्रांतराच्या दूरदर्शकाला २५ मिमी.ची नेत्रिका लावल्यास ते ३६ पट, तर १० मिमी.ची लावल्यास ९० पट होते. विवर्धन वाढले की प्रतिमा अंधुक होते, दृष्टिक्षेत्र आकुंचन पावते आणि हवेतील व तिपाईतील प्रत्येक कंप तितकाच ठळक होतो. शिवाय पृथ्वीच्या परिवलनामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा अर्ध्या अंशाचे क्षेत्र दोन मिनिटांत ओलांडतो. ग्रह सापडला, नेत्रिका बदलली आणि ग्रह नाहीसा झाला, हा अनुभव बहुतेकांना येतो. उपयुक्त विवर्धनाची कमाल मर्यादा व्यासाच्या मिमी.मधील आकड्याच्या सुमारे दुप्पट असते, ६ सेंमी.च्या दूरदर्शकाच्या खोक्यावर छापलेला ५०० पटींचा आकडा म्हणूनच निरर्थक होय. शोधक दूरदर्शक दिवसा एखाद्या दूरच्या मनोऱ्यावर रोखून मुख्य नळीशी जुळवून घेतल्यास रात्रीची बरीच धडपड वाचते.

दुसरी निराशा छायाचित्रांमुळे पदरी येते. देवयानी दीर्घिका लहान दूरदर्शकात केवळ करडा धूसर डाग म्हणून दिसते, कारण मंद प्रकाशात कार्य करणाऱ्या दृक्‌पटलातील कोशिकांना रंगज्ञान नसते. तो प्रकाश सुमारे २५ लक्ष वर्षांपूर्वी निघालेला आहे, हे ठाऊक असणाऱ्यास मात्र तो डाग पुरेसा वाटतो. डोळे अंधाराला सरावण्यास २० ते ३० मिनिटे लागतात. पदार्थाच्या किंचित बाजूला नजर ठेवल्यास तो अधिक स्पष्ट दिसतो. दिवसभर तापलेल्या गच्चीवरून उठणाऱ्या उष्ण हवेमुळे प्रतिमा थरथरते, म्हणून निरीक्षण उत्तररात्री करणे चांगले.

चंद्र पौर्णिमेस पाहू नये. शुक्ल अष्टमीच्या सुमारास प्रकाश व अंधार यांच्या सीमारेषेवरील विवरे लांब सावल्यांमुळे उठून दिसतात. शनीच्या कड्यांनी खुद्द गॅलिलीओंनाही चकविले : १६१० मध्ये त्यांना तो तिहेरी ग्रह वाटला, खरा उलगडा हायगेन्स यांनी १६५९ मध्ये प्रसिद्ध केला. मार्च २०२५ मध्ये कडी पृथ्वीवरून कडेने दिसण्याच्या स्थितीत होती, तेव्हा लहान दूरदर्शकातून ती दिसणे जवळजवळ अशक्यच होते.

सूर्याकडे दूरदर्शकातून कधीही थेट पाहू नये. दृष्टी कायमची जाते. नेत्रिकेवर बसविण्याची काळी काच उष्णतेने तडकू शकते, म्हणून तीही वर्ज्य समजावी. पडद्यावर प्रतिमा पाडून डाग पाहता येतात.

पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था (स्थापना १९४४) यांसारख्या संस्थांत अनुभवी निरीक्षकांचे मार्गदर्शन मिळते. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर या काळात आकाश बहुधा झाकलेले असते. तेव्हा दूरदर्शक दमट जागी ठेवल्यास भिंगांवर बुरशी धरते. म्हणून तो कोरड्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतात.