ज्युडीच्या दोन गोळ्या

रेने झेलवेगरला ऑस्कर मिळवून देणारा ‘ज्युडी’ (२०१९) हा चित्रपट हॉलिवूडची तारका ज्युडी गार्लंडच्या अखेरच्या काळावर आहे. अधूनमधून तिचे किशोरवय दिसते. वजन वाढू नये म्हणून स्टुडिओत जेवणाऐवजी गोळी, आणि रात्री झोपेसाठी दुसरी.

पहिली अ‍ॅम्फेटामाइनची. ती भूक मारते, पण झोपही उडवते. म्हणून रात्री बार्बिच्युरेट. खरी घातक ही दुसरी. काही आठवड्यांतच शरीराला तिची सवय होते, तेवढ्याने झोप येईनाशी होते आणि मात्रा वाढत जाते. श्वास थांबवणारी मात्रा मात्र तेवढी वाढत नाही. दोहोंतले अंतर कमी होत गेले, की जुन्या सवयीच्या माणसालाही थोड्याशा जादा गोळ्या भोवतात.

२२ जून १९६९ रोजी ज्युडी लंडनमध्ये मृतावस्थेत सापडली. वय अवघे ४७. चौकशीत तो अपघात ठरला, आत्महत्या नव्हे. (चित्रपट त्याआधीच थांबतो, ते बरेच.)

झोपेसाठी बार्बिच्युरेट आता सहसा देत नाहीत. नव्या गोळ्या तुलनेने सुरक्षित आहेत, पण दारूबरोबर घेतल्यास त्याही श्वास मंदावू शकतात. बरेच दिवस घेत असाल, तर त्या एकदम बंद करू नका. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.