सावली पायाखाली येते तेव्हा

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एके दुपारी मालवणात उभ्या काठीची सावली नाहीशी होते. गाव सोळा अंश अक्षांशावर, त्यामुळे सूर्य थेट डोक्यावर येतो. ऑगस्टमध्ये पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं, बघणार कोण?

नेमके त्याच मे महिन्यात तारकर्लीला पर्यटक लोटतात. दुपारचा खारा वारा अंग गार ठेवतो आणि तिथेच फसगत होते. वारा घालवतो तो उकाडा. कातडी भाजणारे अतिनील किरण त्याला जुमानत नाहीत. वरून येतात तेवढेच नव्हेत, कोरडी पुळण त्यातले सुमारे १५ टक्के परत अंगावर फेकते, लाटांचा फेस २५ टक्क्यांपर्यंत. छत्रीखाली बसूनही माणूस रापतो तो असा.

हे किरण पेशीतल्या डीएनएला इजा करतात. पेशी बरीचशी दुरुस्ती करते. राहून गेलेल्या चुका वर्षानुवर्षं साठल्या, तर कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ साली सूर्यकिरणांची नोंद कर्करोगकारक म्हणूनच केली.

मग जन्मभर उन्हात रापणीचं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांचं काय? सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन पेशीच्या केंद्रकावर टोपीसारखं बसतं. म्हणूनच गोऱ्या ऑस्ट्रेलियाच्या तुलनेत आपल्याकडे त्वचेचा कर्करोग फारच कमी. मात्र मेलॅनिनची ही राखण सगळीकडे सारखी नाही. खालच्या ओठावर ती तोकडी पडते. तिथली न भरणारी चीर किंवा खपली दाखवून घ्यायला हवी. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारा मांसल पडदाही दर्यावर्दींना जास्त होतो. तो कर्करोग नव्हे, पण नजर अडवू शकतो. आणि ज्याच्या त्वचेत जन्मतःच रंग नाही, त्याला तर भर उन्हात उघड्या अंगाने पाठवूच नये.

खरी गंमत, गंमत कसली, पुढेच आहे. मेलॅनोमा हा त्वचेचा सर्वांत घातक कर्करोग आपल्या लोकांत बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली निघतो, आणि त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. गायक बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्यात तो निघाला; १९८१ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी तो गेला. अनवाणी वावरणाऱ्या किनाऱ्यावर पायाचा काळा डाग ‘कालव लागलं असेल’ म्हणून सहज सोडून दिला जातो. नखाखालचा मुका मार नखाबरोबर पुढे सरकून निघून जातो. डाग तिथेच राहिला, पसरला, नखावर काळी रेघ रुंदावत गेली, तर चुना लावून जाळण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं. गरज वाटली तर तो तुकडा काढून तपासायला पाठवतो.